स्कॉटी पिपेन : वेतनात १२२वा

१/ १९९७-९८च्या हंगामासाठी शिकागो बुल्सने स्कॉटी पिपेनला २७ लाख ७५ हजार डॉलर दिले. एनबीएच्या वेतनयादीत त्याचे स्थान होते १२२वे, आणि स्वतःच्या संघात सहावे. मायकेल जॉर्डनचे सोडा. हार्पर, कुकोच, रॉडमन आणि लाँगली यांचेही वेतन त्याच्याहून अधिक होते.

२/ मैदानावरची आकडेवारी मात्र निराळेच सांगत होती. १९९३-९४ साली, जॉर्डन निवृत्त असताना, पिपेनने सामन्यामागे सरासरी २२ गुण मिळवले आणि सर्वोत्तम खेळाडूच्या मतदानात तो तिसरा आला. पुढच्या हंगामात प्रतिस्पर्ध्याकडून चेंडू हिसकावण्यात तो साऱ्या लीगमध्ये पहिला होता.

३/ मग हे वेतन आले कुठून? १९९१ सालातून. त्या वर्षी पिपेनने पाच वर्षांच्या मुदतवाढीवर सही केली : एकूण १ कोटी ८० लाख डॉलर. जुना करार अद्याप संपलेला नसल्याने ही बांधिलकी थेट १९९८पर्यंत पोहोचली. आर्कान्सामधील हॅम्बर्ग या लहानशा गावातल्या बारा भावंडांतला तो सर्वांत धाकटा. वडील कागद गिरणीतले कामगार. पक्षाघाताने अंथरुणाला खिळलेले. एक भाऊ चाकाच्या खुर्चीत. दुखापतीने कारकीर्द एका क्षणात संपू शकते, हे जाणणाऱ्या माणसाने भावी वाढीपेक्षा हाती येणारी खात्री निवडली. याला अविचार म्हणणे अन्यायाचे ठरेल.

४/ पण काळ थांबला नाही. १९९१-९२ साली संघांची वेतनमर्यादा १ कोटी २५ लाख डॉलर होती. दूरचित्रवाणीचा पैसा वाढत गेला आणि १९९७-९८ साली ती २ कोटी ६९ लाखांवर गेली. पिपेनचा करार मात्र जागचा हलला नाही. मालक जेरी राइन्सडॉर्फ झालेल्या करारावर पुन्हा बोलणी करत नसत.

५/ गंमत अशी की, जॉर्डनही याच चक्रातून गेला होता. १९८८च्या करारामुळे १९९५-९६ साली, सर्वोत्तम खेळाडू ठरूनही, त्याला ३८ लाख ५० हजारच मिळाले. करार संपताच मागील बाकी चुकती झाली : १९९७-९८ साली ३ कोटी ३१ लाख ४० हजार. संपूर्ण संघाच्या वेतनमर्यादेहून एकट्याचे वेतन अधिक! आपलाच खेळाडू राखण्यासाठी संघाला मर्यादा ओलांडता येते, या नियमामुळे ते शक्य झाले. लॅरी बर्डच्या नावाने ओळखला जाणारा हा नियम.

६/ पिपेनचा संताप १९९७च्या शरदात बाहेर पडला. पायाची शस्त्रक्रिया त्याने उन्हाळ्यात न करता हंगामाच्या तोंडावर करून घेतली, पहिले ३५ सामने तो मुकला आणि दुसऱ्या संघात पाठवण्याची मागणी त्याने केली. जानेवारीत तो परतला, आणि जूनमध्ये बुल्सने सहावे विजेतेपद मिळवले.

७/ त्या उन्हाळ्यात मालकांनी टाळेबंदी केली. १९९९च्या नव्या करारनाम्याने एका खेळाडूच्या वेतनालाच कमाल मर्यादा घातली. 

८/ पिपेन मात्र सुटला. जानेवारी १९९९मध्ये तो ह्यूस्टन रॉकेट्सकडे गेला, पाच वर्षांसाठी ६ कोटी ७२ लाखांच्या करारावर. पहिल्याच हंगामाचे १ कोटी १० लाख, म्हणजे वेतन जवळजवळ चौपट. सरासरी गुण मात्र १९.१ वरून १४.५ वर आले. केवळ वेतनाची बेरीज केली, तर एनबीएमधल्या कारकिर्दीत त्याने जॉर्डनपेक्षा अधिक कमावले.