विशेषणांची रांग

नामाबद्दल विशेष माहिती सांगणारा शब्द म्हणजे विशेषण, ही व्याख्या आपल्या वर्गात सगळ्यांना पाठ होती. गुणविशेषण, संख्याविशेषण, सार्वनामिक विशेषण हे प्रकारही झोपेतून उठवून विचारले तरी सांगता आले असते. पण एका नामाआधी तीन-चार विशेषणे आली तर त्यांनी कोणत्या क्रमाने उभे राहायचे, हा प्रश्न ना मराठीच्या तासाला आला, ना इंग्रजीच्या. आज आपली नातवंडे इंग्रजीसाठी तो क्रम पाठ करतात : आधी आपले मत, मग आकारमान, वय, आकार, रंग, मूळ ठिकाण, कशाचे बनले आहे ते आणि शेवटी उपयोग. ते ऐकून आपल्यापैकी काही जण म्हणतात, "आपल्याला हे कुणी शिकवलंच नाही, म्हणून आपलं इंग्रजी कच्चं राहिलं." या म्हणण्यात तथ्य किती, हे पाहायचे तर थोडे मागे जावे लागते. ती वाट आपल्या जिल्ह्यातूनच जाते.

बाळशास्त्री जांभेकर पोंभुर्ल्याचे, म्हणजे पूर्वीच्या रत्नागिरी जिल्ह्यातले. १८३२ साली त्यांनी 'दर्पण' काढले, तेव्हा त्यात इंग्रजी आणि मराठी मजकूर शेजारी शेजारी छापला जाई. दोन भाषांची वाक्यरचना एकाच पानावर ताडून पाहण्याची सोय मराठी वाचकाला तिथे झाली. १८३६ साली दादोबा पांडुरंग तर्खडकरांचे मराठी व्याकरण आले. पुढे मालवणात जन्मलेले रामकृष्ण गोपाळ भांडारकर रत्नागिरीच्या इंग्रजी शाळेत शिकले आणि काही काळ तिथेच मुख्याध्यापकही झाले. त्यांच्या संस्कृतच्या दोन पाठ्यपुस्तकांवर कित्येक पिढ्या शिकल्या. मालगुंडच्या दामले घराण्यातले, केशवसुतांचे धाकटे बंधू मोरो केशव दामले यांनी १९११ साली 'शास्त्रीय मराठी व्याकरण' प्रसिद्ध केले. व्याकरणाच्या बाबतीत आपला जिल्हा कधीच मागे नव्हता.

या परंपरेत विशेषणाकडे पाहण्याची एक ठरावीक नजर होती. संस्कृतात विशेषण लिंग, वचन आणि विभक्ती या तिन्ही बाबतींत विशेष्याला धरून चालते. त्यामुळे ते वाक्यात कुठेही असले तरी कोणाचे आहे ते कळते. मराठीतही काळा घोडा, काळी घोडी, काळे घोडे, काळ्या घोड्याला असे ते नामाप्रमाणे बदलते. म्हणून आपल्याकडे व्याकरण चालवताना विशेषणाचे लिंग-वचन पाहत. त्याची जागा कुणी विचारत नसे. इंग्रजीत मात्र विशेषणाचे जुने प्रत्यय काही शतकांपूर्वीच गळून पडले. तिथे 'ब्लॅक' हा शब्द घोड्यालाही ब्लॅक आणि घोडीलाही ब्लॅकच. साहजिकच त्याने कुठे बसायचे याला तिथे अधिक महत्त्व आले.

आपल्या हाती तर्खडकरांची भाषांतर पाठमाला होती आणि मोठ्या वर्गात 'रेन अँड मार्टिन'. त्यातले रेन हे विसाव्या शतकाच्या सुरुवातीला मुंबई इलाख्याच्या शिक्षण खात्यात होते. पुढे 'बो जेस्ट' या कादंबरीने ते जगभर गाजले. त्या पुस्तकात विशेषणाच्या जागेवर धडा आहे. विशेषण नामाआधी येते हे सांगून 'गव्हर्नर जनरल'सारखे उलटे अपवाद त्यात दिले आहेत. कोर्टाबाहेर आपण रोज 'नोटरी पब्लिक'च्या पाट्या पाहतो, तोही असाच अपवाद. १०६६ नंतर इंग्लंडवर नॉर्मन फ्रेंचांचे राज्य आले आणि कायद्याच्या भाषेत फ्रेंच वळण राहून गेले, त्याची ही खूण.

आता मूळ प्रश्न. विशेषणांची ही रांग इंग्रज मुलांना तरी शाळेत शिकवून येते का? 'लॉर्ड ऑफ द रिंग्ज'चे लेखक टॉल्किन यांनी आपली आठवण लिहून ठेवली आहे. सात वर्षांचे असताना त्यांनी ड्रॅगनची गोष्ट लिहिली. आईने सांगितले की 'ग्रीन ग्रेट ड्रॅगन' असे म्हणता येत नाही, 'ग्रेट ग्रीन ड्रॅगन' म्हणावे लागते. का, ते भाषेचे प्राध्यापक होऊन म्हातारपणाकडे झुकल्यावरही त्यांना कळले नव्हते. म्हणजे नियम कानात आधी बसतो आणि पुस्तकात नंतर येतो.

आपल्या कानातही तो बसलेला आहे. 'सुंदर मोठे जुने सागवानी कपाट' म्हणून पाहा आणि मग 'सागवानी जुने मोठे सुंदर कपाट' म्हणून पाहा. दुसरे कानाला लगेच खटकते. मराठीत सैलपणा अधिक आहे. 'काळी मोठी म्हैस' कुणी म्हटले तर आपण भांडत नाही. पण कल तोच. वस्तूच्या अंगचा गुण नामाला चिकटून राहतो आणि आपले मत लांब उभे राहते. लाकूड कपाटापासून वेगळे करता येत नाही, सुंदरपणा मात्र पाहणाऱ्यावर असतो. 'स्वीट यलो रत्नागिरी मँगो' हा क्रम आपल्याला पाठ करावा लागत नाही, कारण मराठीतही आपण 'गोड पिवळा रत्नागिरी हापूस' असेच म्हणतो.

तेव्हा उणीव होती ती नियमाची नव्हे, ऐकण्याची. आपण पाचवीत इंग्रजी मुळाक्षरे गिरवली. पहिलीपासून इंग्रजी महाराष्ट्रात २००० साली आले. सरांचा आवाज आणि रेडिओवरची क्रिकेट कॉमेंट्री, एवढेच इंग्रजी आपल्या कानांवर पडे. म्हणूनच धडा मोठ्याने वाचून घेण्याचा सरांचा हट्ट, जो तेव्हा कंटाळवाणा वाटे, तोच खरा उपयोगाचा होता. नातवंडांना तक्ता जरूर पाठ करू द्या. पण रोज एक पान त्यांच्याकडून मोठ्याने वाचून घ्या, आणि एक मराठीचेही. विशेषणांना रांगेत उभे करायला ती दोन पाने पुरेशी आहेत.