रविवारची इंग्रजी

गोदाकाठचे सायखेडा हे निफाड तालुक्यातले बागायती गाव. पावसाळा सरला की पेठ-सुरगाण्याकडची आदिवासी कुटुंबे या तालुक्यात द्राक्षबागांच्या कामाला उतरतात. पोरे बरोबर येतात, शाळा मागे राहते. अशा पोरांना रविवारी इंग्रजी शिकवायला कुणी स्वयंसेवक निघाला की त्याचे 'नवा उपक्रम' म्हणून कौतुक होते. तो नवा नाही.

सावित्रीबाई फुले पुण्यात बिनपगारी शिकवीत. १८५२ साली तेथे महार-मांगांच्या मुलांसाठी शाळा निघाली आणि १८५५ साली दिवसभर राबणाऱ्यांसाठी रात्रशाळा. मजुराच्या वेळेशी शाळेने जुळवून घ्यावे, हे शहाणपण तेव्हाचे आहे! १८५४ च्या 'काव्यफुले'त सावित्रीबाईंनी इंग्रजी शिकण्याचा आग्रह धरला, तो काही साहेबाच्या प्रेमापोटी नव्हे. (हा आरोप करणाऱ्यांची मुले कोणत्या माध्यमात शिकतात, हे विचारावे.) संस्कृतला सोवळे होते, इंग्रजीला ते नव्हते.

पण जोतीराव परोपकारावर थांबले नाहीत. १८८२ साली हंटर आयोगापुढे त्यांनी रोकडा हिशेब मांडला: सारा रयतेचा आणि शिक्षण वरच्या वर्णांना. निदान बारा वर्षांपर्यंत प्राथमिक शिक्षण सक्तीचे करा, असे त्यांनी बजावले. शिक्षण देशभर मूलभूत हक्क ठरायला २००२ ची घटनादुरुस्ती आणि २००९ चा कायदा यावा लागला.

महाराष्ट्रात २००० सालापासून पहिलीपासूनच इंग्रजी आहे. सुरगाण्याच्या पोरालाही कागदोपत्री ती मिळाली. एप्रिलात बागा रिकाम्या होतात, बिऱ्हाडे उठतात. रविवारी गिरवलेली अक्षरे पुढे कोणत्या शाळेच्या पटावर चढवायची, हे सरकारने सांगायचे आहे, स्वयंसेवकाने नव्हे.