पोर्ट ४४५ : एका शुक्रवारचा घटनाक्रम

५९ दिवस आधी. १४ मार्च २०१७

मंगळवारी मायक्रोसॉफ्टने ‘एमएस १७-०१०’ नावाचं अपडेट सोडलं. विंडोजमधल्या एसएमबी या प्रोटोकॉलमधली भोकं त्याने बुजणार होती. नाव ओळखीचं नसलं तरी एसएमबीशी आपला रोजचा संबंध येतो. ऑफिसातल्या संगणकावर सी आणि डीच्या खाली जो झेड ड्राइव्ह दिसतो, ज्यात सगळ्यांची पत्रं, बिलं, स्कॅन केलेले कागद पडलेले असतात, तो याच वाटेने, पोर्ट ४४५ वरून येतो. चार डॉक्टरांचा दवाखाना असो, पतसंस्था असो की शाळेचं कार्यालय, सगळी कागदपत्रं त्या एका ड्राइव्हवर. मोठ्या कंपनीत अपडेट लावायला माणूस असतो. छोट्या संस्थेत ते काम कुणाच्याच नावावर नसतं. डिस्क किती टीबीची घ्यायची यावर चर्चा होते. अपडेट कोण लावणार, हे कोटेशनमध्ये येतच नाही.

भोक होतं एसएमबीच्या पहिल्या, १९८०च्या दशकातल्या आवृत्तीत. मायक्रोसॉफ्टमध्ये या प्रोटोकॉलचं काम पाहणाऱ्या नेड पाइल यांनी सप्टेंबर २०१६ मध्येच, ती वापरणं थांबवा, असं जाहीरपणे लिहिलं होतं. तरी ती चालू राहिली. विंडोज ७ मध्ये ती मुळातच चालू असते, आणि बंद केली की कित्येक जुन्या कॉपियरचं स्कॅन फोल्डरमध्ये जाईनासं होतं. एका स्कॅनरसाठी अख्ख्या ऑफिसचं दार उघडं राहतं, ते असं.

२८ दिवस आधी. १४ एप्रिल

‘शॅडो ब्रोकर्स’ नावाच्या टोळीने अमेरिकेच्या राष्ट्रीय सुरक्षा संस्थेची समजली जाणारी हत्यारं इंटरनेटवर टाकली. त्यांत ‘इटर्नलब्लू’ होतं, नेमकं याच भोकातून शिरणारं. ब्रिटनच्या सरकारी आरोग्यसेवेत, म्हणजे एनएचएसमध्ये, एनएचएस डिजिटल या संस्थेने १७ मार्चला आणि पुन्हा २८ एप्रिलला रुग्णालयांना अपडेट लावायला बजावलं. लावलं की नाही हे तपासण्याची रीतसर सोय आरोग्य खात्याकडे नव्हती.

१५ तास आधी. गुरुवार, ११ मे, संध्याकाळ

ऑफिसं बंद होण्याची वेळ. अजूनही हातात वेळ होता. अपडेट लावायचं म्हणजे मशीन एकदा रिस्टार्ट करायचं. तेही जमत नसेल तर बॅकअपची यूएसबी डिस्क सर्व्हरमधून काढून कपाटात ठेवायची, एवढंच. स्वस्त फाइल सर्व्हरसाठी पैसे वाचवायचेच असतील तर डब्यावर वाचवा, प्रोसेसरवर वाचवा. जुना डेस्कटॉपसुद्धा दहा माणसांना फाइली पुरवू शकतो. पण बॅकअपच्या दोन डिस्क घ्या, एक जोडलेली, एक कुलपात, आणि दर आठवड्याला अदलाबदल. ती अदलाबदल कोण करणार त्याचं नाव कागदावर लिहून ठेवा. माझ्या लेखी हा फाइल सर्व्हरच्या आराखड्याचा सगळ्यात महत्त्वाचा भाग आहे, आणि तो सगळ्यात स्वस्तही आहे.

शून्य तास. शुक्रवार, १२ मे, सकाळी ८:४४

ही लंडनची वेळ. आपल्याकडे दुपारचा सव्वा वाजत होता. फाइली कुलूपबंद करून खंडणी मागणाऱ्या ‘वॉनाक्राय’ या विषाणूची पहिली लागण याच सुमाराची मानली जाते. कुणी खोटा ईमेल उघडण्याची त्याला गरजच नव्हती. लागण झालेला संगणक नेटवर्कवरच्या शेजाऱ्यांचं पोर्ट ४४५ आपणहून ठोठावत होता. अपडेट नसलं की आत.

चार तास उलटून गेल्यावर. दुपारी १

स्पेनमध्ये टेलिफोनिका या दूरसंचार कंपनीच्या कर्मचाऱ्यांना लाउडस्पीकरवरून संगणक बंद करायला सांगितलं गेलं होतं. इंग्लंडमधल्या रुग्णालयांकडून तक्रारी यायला लागल्या होत्या. पडद्यावर लाल खिडकी, तीनशे डॉलरचे बिटकॉइन भरा, तीन दिवसांनी रक्कम दुप्पट, सात दिवसांनी फाइली कायमच्या गेल्या.

त्या लाल खिडकीच्या आधी आत काय होतं, ते सर्व्हर बसवणाऱ्याने नीट पाहायला हवं. प्रोग्रॅम एकेक ड्राइव्ह घेतो. डी, मग बॅकअपसाठी कायम जोडून ठेवलेली यूएसबी डिस्क, मग झेड. फाइल कुलूपबंद करून नावापुढे ‘डब्ल्यूएनसीआरवाय’ हे शेपूट लावतो. मग विंडोजने स्वतः जपून ठेवलेल्या जुन्या प्रती पुसायची आज्ञा देतो.

दोन डिस्कचं मिररिंग असलं तरी उपयोग नाही. एक डिस्क जळाली तर दुसरीवर काम चालू राहावं यासाठी मिररिंग असतं. पहिल्या डिस्कवरची फाइल बिघडली की दुसरीवरची त्याच क्षणी तशीच बिघडते. ‘आमच्याकडे दोन डिस्क आहेत, बॅकअप आहे’ हे वाक्य ऐकलं की मला मनापासून भीती वाटते.

उपयोग होतो तो स्नॅपशॉटचा, म्हणजे फाइली त्या क्षणी जशा होत्या तशा जपून ठेवण्याचा, तोही सर्व्हरने स्वतःच्या अधिकारात घेतलेल्या. लिनक्सवर झेडएफएस किंवा बीटीआरएफएस ही फुकट मिळणारी फाइल सिस्टिम तासातासाला स्नॅपशॉट घेऊ शकते. लागण झालेला संगणक झेड ड्राइव्हवरची फाइल कुलूपबंद करेल, पण त्याच्या लॉगिनला स्नॅपशॉट पुसण्याचा अधिकार दिलेलाच नसेल तर तासापूर्वीची फाइल परत मिळते.

सात तास. दुपारी ४

एनएचएस इंग्लंडने मोठी आपत्ती जाहीर केली.

४:०३

मार्कस हचिन्स हा इंग्लंडमधला बावीस वर्षांचा संशोधक विषाणूची चिरफाड करत होता. प्रोग्रॅम दर वेळी एका निरर्थक नावाच्या वेबसाइटचा पत्ता शोधतो, हे त्याला दिसलं. ते नाव कुणी घेतलेलं नव्हतं. त्याने १०.६९ डॉलर भरून घेतलं. साइट सापडली की विषाणू थांबत होता, हे त्याला नंतर कळलं. नवी लागण मंदावली. कुलूपबंद झालेल्या फाइली मात्र तशाच राहिल्या.

संध्याकाळ आणि पुढचे दिवस

ईमेल बंद पडल्यामुळे किंवा खबरदारी म्हणून बंद केल्यामुळे डॉक्टर आणि कर्मचारी स्वतःच्या मोबाइलवर व्हॉट्सॲपवरून निरोप देत होते. पाच ठिकाणी तातडीच्या रुग्णांना दुसऱ्या रुग्णालयात जावं लागलं. नंतरच्या सरकारी लेखापरीक्षणात हिशेब लागला : रुग्णालयं आणि इतर आरोग्यसेवा चालवणाऱ्या इंग्लंडच्या २३६ ट्रस्टपैकी किमान ८० ट्रस्टना झळ बसली आणि ५९५ जनरल प्रॅक्टिसमध्ये लागण झाली. किमान ६,९१२ भेटी रद्द झाल्या. अंदाज १९,००० च्या वर जातो. ट्रस्टच्या बातम्या झाल्या. मला त्या ५९५ अस्वस्थ करतात. गल्लीतले दवाखाने ते, आपल्या कुठल्याही छोट्या संस्थेएवढे.

मायक्रोसॉफ्टने अखेर, अपडेट देणं बंद केलेल्या विंडोज एक्सपीसाठीही अपडेट दिलं. कॅस्परस्की या अँटिव्हायरस कंपनीच्या पाहणीनुसार मात्र लागण झालेल्या मशीनपैकी बहुतेक सगळी विंडोज ७ ची होती, म्हणजे ज्यांचं अपडेट दोन महिने तयार होतं त्यांची.

बाराव्या दिवशी. २४ मे

‘आमचा सर्व्हर लिनक्सवर आहे’ म्हणणाऱ्यांची पाळी आली. लिनक्सवर विंडोजसारखी फाइल शेअरिंग देणारं ‘सांबा’ हे सॉफ्टवेअर, बाजारातल्या बहुतेक स्वस्त नेटवर्क स्टोरेजच्या डब्यांत तेच असतं. त्यातही २०१० पासून भोक असल्याचं या दिवशी जाहीर झालं. सांबाच्या मंडळींनी त्याच दिवशी दुरुस्ती दिली. ती लावेपर्यंत सेटिंगच्या फाइलमध्ये एक ओळ टाकूनही काम भागत होतं. पण ज्या डब्याच्या कंपनीने अपडेट देणंच थांबवलं आहे, त्याच्या मालकाला ती ओळ कोण सांगणार? म्हणून तयार डबा घेताना किमतीच्या आधी विचारा, अपडेट किती वर्षं मिळणार. स्वतः बांधत असाल तर किमान प्रोटोकॉल एसएमबी २ ठेवा, आणि अडणारा जुना स्कॅनर यूएसबीने एका संगणकाला जोडा.

४६व्या दिवशी. २७ जून

युक्रेनमधून ‘नॉटपेट्या’ हा विषाणू सुटला. त्याच्या हत्यारांत तेच इटर्नलब्लू होतं. मार्चमधलं अपडेट येऊन १०५ दिवस झाले होते. मर्स्क ही जहाज कंपनी ठप्प झाली आणि तिच्याच समूहाचं न्हावा शेवा इथलं, जेएनपीटीमधलं टर्मिनलही. मर्स्ककडे लॉगिन सांभाळणारे सुमारे १५० सर्व्हर एकमेकांच्या प्रती ठेवत होते; एकमेकांना जोडलेले असल्यामुळे सगळे एकत्र गेले. वाचला एकच, घानामधला, कारण तिथे वीज गेली होती आणि त्यामुळे तो नेटवर्कपासून तुटलेला होता. तिथली इंटरनेटची लाइन त्या सर्व्हरवरचा सगळा डेटा पाठवायला अपुरी पडत होती. घानातला माणूस हार्ड डिस्क घेऊन विमानाने नायजेरियाला गेला, तिथल्या विमानतळावर ती दुसऱ्याच्या हाती दिली, आणि त्याने ती लंडनजवळच्या मेडनहेडला, यंत्रणा पुन्हा उभी करणाऱ्यांकडे, पोचवली.