मॅट्रिकपासून सेखेमपर्यंत

लष्कराची सेवा संपवून नातू किंवा नात घरी आली की थोड्याच महिन्यांत घरात दोन शब्द वारंवार कानावर पडू लागतात: ‘प्सिखोमेत्री’ आणि ‘सेखेम’. मुले आपसांत बोलतात, त्यांचे आईबाप काळजीत असतात, आणि आपण आजी-आजोबा विचार करतो की बगरूत तर झाली, चांगली पासही झाली, मग आता ही आणखी कसली परीक्षा? आपल्या वेळी मॅट्रिक झाले की मार्कशीट घेऊन कॉलेजात जायचे, फी भरायची आणि नाव घालायचे. इथे दोन ठिकाणचे गुण एकत्र करून तिसराच आकडा काढतात. तो कसा काढतात आणि ही रीत आली कुठून?

वाचकहो, या प्रश्नाचे उत्तर अर्धे गणितात आणि अर्धे इतिहासात आहे. त्याच्या मुळाशी एक जुना वाद आहे. मुलाला वर्षानुवर्षे ओळखणाऱ्या शिक्षकावर विश्वास ठेवायचा, की त्याचे तोंडही न पाहिलेल्या परीक्षकावर? आपल्या समाजाने हा वाद मुंबईत पाहिला आणि इस्राएलमध्येही पाहिला.

मुंबईची मॅट्रिक

मुंबई विद्यापीठ 1857 साली स्थापन झाले आणि 1859 साली त्याची पहिली मॅट्रिक परीक्षा झाली. महादेव गोविंद रानडे आणि रामकृष्ण गोपाळ भांडारकर हे त्या पहिल्या तुकडीत पास झालेले विद्यार्थी. आपण मॅट्रिकला शाळेची शेवटची परीक्षा म्हणत आलो, पण मुळात ती शाळेची नव्हतीच. ती विद्यापीठाची प्रवेश परीक्षा होती. मॅट्रिक्युलेशन या शब्दाचा अर्थच नोंदवहीत नाव चढणे असा आहे. शाळेत मुलगा पहिला येतो की शेवटचा, याच्याशी विद्यापीठाला कर्तव्य नव्हते. विद्यापीठाचा पेपर आणि विद्यापीठाचाच परीक्षक, एवढाच हिशेब. शिक्षकाच्या हाती काय राहिले असेल तर प्रिलिम. प्रिलिमला गडबड झाली तर हेडमास्तर फॉर्म भरू देत नसत, हे पुष्कळांना आठवत असेल.

बेने इस्राएलांचे या परीक्षेशी जुने नाते आहे. हिब्रू प्रार्थना मराठीत आणणारे जोसेफ यहेजकेल राजपूरकर हे मुंबई विद्यापीठाचे हिब्रूचे परीक्षक होते. हाईम शमुएल किहीमकर आणि त्यांच्या सोबत्यांनी 1875 साली मुंबईत आपल्या मुलांसाठी शाळा काढली, तीच पुढे सर एली कदुरी स्कूल म्हणून नावाजली. कोकणातल्या गावांतून मुंबईला आलेल्या आपल्या लोकांना नोकरीचे दार उघडून देणारी किल्ली म्हणजे मॅट्रिकचे सर्टिफिकेट होते. स्वातंत्र्यानंतर मॅट्रिकची जागा एस.एस.सी.ने घेतली. मेडिकल आणि इंजिनियरिंगला जाणाऱ्यांचे भवितव्य इंटर सायन्सच्या मार्कांवर ठरू लागले. पण तत्त्व तेच राहिले: एक परीक्षा, एक निकाल.

बगरूत आणि तिची ढाल

इस्राएलमध्ये आलो तेव्हा इथे निराळी रीत दिसली. बगरूत या शब्दाचा अर्थ नोंदवहीत नाव चढणे असा नाही, तर परिपक्वता, वयात येणे असा आहे. ब्रिटिश राजवटीच्या काळातच इथल्या हिब्रू हायस्कुलांत ही परीक्षा रूढ झाली. हैफाचे तेख्नियोन आणि येरुशलायीमचे हिब्रू विद्यापीठ 1924-25 च्या सुमारास उघडले, आणि पुढे शिकायला बगरूतचा दाखला लागू लागला. राज्य स्थापन झाल्यावर ही परीक्षा शिक्षण खात्याने चालवली.

बगरूतमध्ये शिक्षकाला आवाज आहे. शाळा आपल्या विद्यार्थ्याला जो गुण देते त्याला ‘मागेन’ म्हणतात. मागेन म्हणजे ढाल. मुंबईच्या मागेन हसिदिम सिनेगॉगच्या नावातला तोच हा मागेन. परीक्षेच्या दिवशी ताप आला, पेपर बिघडला, तर वर्षभराचे काम ढालीसारखे मुलाच्या मदतीला येते. बरीच वर्षे शाळेचा गुण आणि बाहेरच्या परीक्षेचा गुण निम्मे-निम्मे धरले जात. गेल्या दशकातील सुधारणेनंतर पुष्कळ विषयांत शाळेकडे 30 टक्के आणि बाहेरच्या परीक्षेकडे 70 टक्के अशी वाटणी झाली.

1970 च्या दशकात विषयांना युनिटे आली. एकच गणित कोणी तीन युनिटांचे घेतो, कोणी चार, कोणी पाच. दाखल्यासाठी किमान 21 युनिटे लागतात. पाच युनिटांचे गणित म्हणजे डोंगर चढणे आणि तीन युनिटांचे म्हणजे टेकडी. तेव्हा तिथला 80 आणि इथला 80 हे सारखे कसे मानायचे? यासाठी विद्यापीठे वरच्या पातळीला जादा गुण देतात. बहुतेक ठिकाणी पाच युनिटांच्या गणिताला 35 आणि पाच युनिटांच्या इंग्रजीला 25 जादा गुण मिळतात. म्हणूनच एखाद्या मुलाची सरासरी 105 किंवा 110 निघते. ‘शंभरात एकशेदहा कसे?’ असे विचारून आपण थट्टा करतो, त्याचे उत्तर हे आहे.

बगरूतच्या आधीची चाळणी

पण बगरूतला बसायलाच कोण पोहोचत होते, हेही सांगितले पाहिजे. 1955 ते 1972 या काळात आठवीच्या मुलांची देशभर एक परीक्षा होत असे. तिचे नाव ‘सेकेर’. या परीक्षेवर हायस्कूलच्या फीमध्ये सवलत अवलंबून असे, कारण तेव्हा हायस्कूल मोफत नव्हते. पुढे पुस्तकी शिक्षणाकडे जायचे की कारागिरीच्या शाळेत, तेही पुष्कळदा त्याच गुणांवरून ठरे. 1950 च्या दशकाच्या अखेरीस सरकारच्याच लक्षात आले की आशिया आणि आफ्रिकेतून आलेल्या घरांतली मुले यात मागे पडतात. म्हणून त्यांच्यासाठी पास होण्याची मर्यादा खाली आणली गेली. तिला ‘नॉर्मा बेत’ म्हणत. भारतातून आलेली कुटुंबे सरकारी हिशेबात आशिया-आफ्रिकेच्याच खान्यात पडत.

ही सवलत काहींच्या कामी आली. पण त्याच वेळी मुलाच्या कपाळावर एक शिक्काही बसला. दिमोना, येरुखाम, बेरशेवा, लोद, अश्दोद अशा ठिकाणी आपली पुष्कळ कुटुंबे राहिली. घरात मराठी, रस्त्यावर हिब्रू, आईबाप कारखान्यात, आणि तेराव्या-चौदाव्या वर्षी एका पेपरावर पुढची वाट ठरणार. यंत्रकाम, शिवणकाम, वीजकाम शिकवणाऱ्या शाळांत अनेक हुशार मुले गेली. त्यांनी हा देश उभारला यात शंका नाही. पण त्यांतल्या अनेकांना पूर्ण बगरूतपर्यंत नेणारा रस्ताच नव्हता. सेकेर बंद झाली, 1978 साली हायस्कूल मोफत झाले, तोवर एक पिढी पुढे निघून गेली होती. ‘मी अभ्यासात कच्चा होतो’ असे म्हणणाऱ्या सत्तरीतल्या भावाबहिणींनी ही तारीख ध्यानात ठेवावी. सगळ्यांचेच डोके कच्चे नव्हते, पुष्कळांच्या पुढची शिडीच आखूड होती.

प्सिखोमेत्री कशी आली

विद्यापीठांत जागा थोड्या आणि अर्ज फार, अशी स्थिती आली तेव्हा विद्यापीठांना बगरूत पुरेनाशी झाली. एका शाळेत गुण सढळ हाताने मिळतात, दुसरीत हात आखडता असतो. शिवाय युनिटे वेगळी, विषय वेगळे. सुरुवातीला विद्यापीठे आपापल्या प्रवेश चाचण्या घेत. मग विद्यापीठांनी मिळून 1981 साली परीक्षा आणि मूल्यमापनाची राष्ट्रीय संस्था स्थापन केली, आणि 1983 पासून सर्वांसाठी एकच प्सिखोमेत्री सुरू झाली.

या परीक्षेत इतिहास, तानाख, शास्त्र असे विषय नसतात. भाषा आणि तर्क, गणिती विचार आणि इंग्रजी हे तीन भाग असतात. एकूण गुण 200 ते 800 च्या दरम्यान मिळतात. नेहमीच्या एकूण गुणात भाषेला 40 टक्के, गणिताला 40 टक्के आणि इंग्रजीला 20 टक्के वजन असते. 2012 पासून त्यात निबंधही आला. हिब्रूशिवाय अरबी, रशियन, फ्रेंच, स्पॅनिश या भाषांतही ती देता येते. पुन्हा बसता येते, आणि सहसा सर्वांत चांगला गुण धरतात.

सेखेमचा हिशेब

आता दोन आकडे हाती आले: बगरूतची सरासरी, समजा 105, आणि प्सिखोमेत्री, समजा 650. हे सरळ मिळवता येत नाहीत. शेर आणि वार यांची बेरीज होत नाही, तसेच हे आहे. आधी दोन्ही एका मापात आणावे लागतात आणि मग प्रत्येकाला वजन द्यावे लागते. जो आकडा निघतो तो सेखेम. ‘सखूम’ म्हणजे रक्कम, त्याच कुळातला हा शब्द. प्रत्येक विद्यापीठाचे सूत्र निराळे असते, पण दोन्ही बाजूंना जवळपास सारखे महत्त्व देण्याकडे कल असतो.

तेख्नियोनचे प्रसिद्ध सूत्र सोपे आहे. बगरूतच्या सरासरीची निमपट घ्यायची, प्सिखोमेत्रीचा गुण 0.075 ने गुणायचा, दोन्ही मिळवायचे आणि 19 वजा करायचे. 19 वजा केल्याने सर्वांत वरचा आकडा शंभराच्या आसपास राहतो.

दोन मुले घेऊ. एकीची बगरूत 110 आणि प्सिखोमेत्री 620. तिचे 55 आणि 46.5 मिळून 101.5 होतात, त्यातून 19 गेले, उरले 82.5. दुसऱ्याची बगरूत 101 आणि प्सिखोमेत्री 680. त्याचे 50.5 आणि 51 मिळून पुन्हा 101.5, म्हणजे सेखेम तोच, 82.5. एक शाळेत वर्षानुवर्षे नेटाने शिकलेली, दुसरा एका दिवसाच्या परीक्षेत चमकलेला, आणि रांगेत दोघे शेजारी. बगरूतच्या एका गुणाची भरपाई करायला प्सिखोमेत्रीत जवळजवळ सात गुण लागतात, हेही यावरून दिसते.

मग प्रत्येक विभाग अर्जदारांची सेखेमप्रमाणे रांग लावतो आणि वरून जागा भरत येतो. शेवटच्या जागेवर जो आकडा थांबतो ती त्या वर्षाची मर्यादा. पुढच्या वर्षी अर्ज वाढले तर ती वर सरकते. म्हणजे ‘सेखेम कमी पडला’ याचा अर्थ मूल कमी पडले असा होत नाही. त्या वर्षी त्या दारापुढे रांग मोठी होती, एवढाच होतो. मेडिकलला तर काही विद्यापीठांत सेखेमनंतर स्वभाव आणि वागणूक पाहणारी आणखी एक चाचणी असते.

वाद अजून मिटलेला नाही

प्सिखोमेत्रीवर टीका होतच आली. तिच्या तयारीच्या वर्गांना हजारो शेकेल लागतात, आणि ते सगळ्यांना परवडत नाहीत. 2003 साली प्सिखोमेत्री बाजूला ठेवून बगरूतच्या ठरावीक विषयांवर प्रवेश देण्याचा प्रयोग झाला, पण तो टिकला नाही आणि परीक्षा परत आली. आज अनेक विभाग चांगल्या बगरूतवरच प्रवेश देतात. मात्र मागणी असलेल्या विभागांत दोन्ही लागतात.

भारतातल्या आपल्या नातेवाइकांनाही हाच प्रश्न पडला. 2013 ते 2016 या वर्षांत इंजिनियरिंगच्या जेईई मेन परीक्षेची क्रमवारी लावताना बारावीच्या गुणांना 40 टक्के वजन होते. 2017 पासून ते काढून टाकले आणि प्रवेश परीक्षा पुन्हा एकटी राहिली. एका देशाने शाळेचा आवाज काढून घेतला, दुसऱ्याने ठेवला.

माझे मत विचाराल तर दोन साक्षीदार एकापेक्षा बरे. शिक्षक मुलाचे कष्ट पाहतो, पण त्याचा लोभ किंवा राग आड येऊ शकतो. परका पेपर लोभ-राग जाणत नाही, पण तो कष्टही जाणत नाही. शिवाय इथे बगरूत सतराव्या-अठराव्या वर्षी होते आणि प्सिखोमेत्री बहुतेक जण लष्करानंतर देतात. शाळेत मागे राहिलेल्याला तीन-चार वर्षांनी, अंगात समज आल्यावर, दुसरी संधी मिळते. सेकेरच्या पिढीला ती मिळाली नव्हती.

आणि सेखेम हे एकच दार नाही. लष्करातून सुटलेल्यांसाठी 1960 च्या दशकापासून मेखिना आहेत, तिथे वर्षभर शिकून विद्यापीठात जाता येते. 1976 पासून मुक्त विद्यापीठात बगरूत किंवा प्सिखोमेत्रीशिवाय शिकायला सुरुवात करता येते. 1990 च्या दशकापासून ठिकठिकाणी कॉलेजे झाली. सेखेम कमी आला म्हणून घरात मूल गप्प बसले असेल, तर ही तीन नावे त्याला सांगावीत, आणि आपण किंवा आपले भाऊबहीण सेकेरच्या काळात कुठे अडलो तेही सांगावे. या गोष्टी त्याला कुठल्या तयारीच्या वर्गात कळणार नाहीत. सर्व परीक्षार्थींना मनापासून बेहत्सलाखा.