घडणी म्हणजे काय? खोका उलगडला की पृष्ठफळ कसं दिसतं?

टूथपेस्टचा रिकामा खोका कडांवरून कापून टेबलावर सपाट पसरा. चिकटवण्यासाठी ठेवलेल्या जास्तीच्या पट्ट्या काढून टाका. उरलेला एकसंध सपाट आकार म्हणजे त्या खोक्याची घडणी.

समजा खोका २० सेमी लांब, ५ सेमी रुंद आणि ४ सेमी उंच आहे. घडणीत सहा आयत दिसतील: २० × ५ चे दोन, २० × ४ चे दोन आणि ५ × ४ चे दोन. बेरीज २०० + १६० + ४० = ४०० चौसेमी. हेच खोक्याचं पृष्ठफळ. उलगडताना पुठ्ठा ताणला किंवा आकसला जात नाही, त्यामुळे क्षेत्रफळ तेवढंच राहतं. इष्टिकाचितीचं पाठ केलेलं सूत्रही याच सहा आयतांची बेरीज आहे.

पण घडणीचा खरा उपयोग सूचीच्या वेळी कळतो. इथे हमखास मार्क जातात. तळ ६ सेमी बाजूचा चौरस आहे आणि टोक तळाच्या मध्यावर सरळ ४ सेमी उंचीवर आहे, अशी सूची घ्या. अनेक जण त्रिकोणांची उंची ४ धरतात आणि उत्तर ३६ + ४८ = ८४ काढतात. ते चूक आहे. घडणी काढली तर मधे चौरस आणि चार बाजूंना चार त्रिकोण, असा चांदणीसारखा आकार मिळतो. ४ सेमीची उंची त्यात कुठेच नसते, कारण ती सूचीच्या पोटात असते. कागदावर असते ती त्रिकोणाची स्वतःची, म्हणजे तिरकस उंची. पायथागोरसच्या प्रमेयानुसार ३ आणि ४ वरून ती ५ येते. एका त्रिकोणाचं क्षेत्रफळ १५, चारांचं ६०, त्यात तळाचे ३६. बरोबर उत्तर ९६ चौसेमी.

एकाच ठोकळ्याच्या घडण्या अनेक असू शकतात. घनाला १२ कडा असतात. सहा चौरस एकमेकांना जोडलेले राहायला ५ कडा पुरतात, म्हणून ७ कापाव्या लागतात. कोणत्या सात, यावर आकार ठरतो. सहा चौरस कडेला कड लावून ३५ प्रकारे मांडता येतात, पण घडी घालून घन होतो फक्त ११ मांडण्यांचा. (सहाही एका रांगेत ठेवून पाहा, जमणार नाही.)

जर्मन चित्रकार आल्ब्रेख्त ड्यूरर याने १५२५ च्या आपल्या भूमितीच्या पुस्तकात अशा घडण्या छापल्या होत्या. त्यातूनच साधा वाटणारा एक प्रश्न निघतो: कुठेही आत खोलगट नसलेला, सपाट पृष्ठांचा कोणताही ठोकळा फक्त कडांवरून कापून, पृष्ठं एकमेकांवर न चढता, एकसंध उलगडता येतोच का? जेफ्री शेफर्ड यांनी १९७५ मध्ये तो नेमकेपणाने मांडला. न उलगडणारा असा एकही ठोकळा आजवर सापडलेला नाही, आणि सगळे उलगडतातच हेही अजून कुणी सिद्ध केलेलं नाही.