मागच्या सीटवरचं डोकं

गटाच्या बैठकीला आपण कुणाच्या तरी गाडीवर मागे बसून येतो. चालवणाऱ्याच्या डोक्यावर हेल्मेट असतं, आपल्या डोक्यावर पदर नाहीतर स्कार्फ. म्हणून आज हेल्मेटचा इतिहास सांगतो.

मे १९३५. इंग्लंडमध्ये ‘लॉरेन्स ऑफ अरेबिया’ म्हणून प्रसिद्ध असलेले टी. ई. लॉरेन्स मोटारसायकलवरून पडले. डोक्याला मार लागला आणि सहा दिवसांनी ते गेले. त्यांच्यावर उपचार करणाऱ्या डॉक्टरांमध्ये मेंदूचे सर्जन ह्यू केर्न्स होते. पुढे महायुद्ध सुरू झालं. निरोप पोचवणारे सैनिक मोटारसायकलवरून पडून डोकी फोडून घेऊ लागले. केर्न्स यांनी अशा जखमींचा अभ्यास केला आणि हेल्मेट घातलेल्यांच्या डोक्याला कमी इजा होते, हे १९४१ साली लिहून प्रसिद्ध केलं. त्याच वर्षी तिथल्या लष्कराने या निरोप्यांना हेल्मेटची सक्ती केली. सर्वसामान्यांसाठी मात्र ब्रिटनमध्ये सक्ती यायला १९७३ उजाडलं.

आपल्याकडे १९८८च्या मोटार वाहन कायद्यातलं कलम १२९ सांगतं, की चालवणारा आणि मागे बसणारा, दोघांनीही हेल्मेट घालायचं. फेटा बांधणाऱ्या शीख व्यक्तींना त्यातून सूट आहे. १९८९च्या नियमांनी तर मागे बसणाऱ्यासाठी धरायला दांडी, पाय ठेवायला आधार आणि कपडे चाकात जाऊ नयेत म्हणून मागच्या चाकाला निम्म्यापर्यंत झाकण सांगितलं. तेच आपलं साडी गार्ड!

पण पुढे काय झालं बघा. दिल्लीत शीख समाजाच्या धार्मिक भावनेचा प्रश्न पुढे आला आणि १९९९ साली सगळ्याच बायकांना हेल्मेट ऐच्छिक झालं. २०१४ साली ही सूट फक्त शीख महिलांपुरती राहिली. मधली पंधरा वर्षं तिथे बाईच्या साडीला संरक्षण होतं, डोक्याला नव्हतं. आपल्याकडे तर अशी सूट नसतानाही आपण ती स्वतःच घेतली. केस विस्कटतात, जवळच तर जायचंय, मागे बसणाऱ्याला कोण विचारतं, असं म्हणत.

रस्ता मात्र पुढचं-मागचं पाहत नाही. २०१९च्या दुरुस्तीने चार वर्षांवरच्या मुलांनाही हेल्मेट सांगितलं आहे. तेव्हा मांडीवरच्या नातवाचाही विचार करू या.

आता गटातल्या बायका स्वतः गाडी घेऊ लागल्यात, याचा आम्हाला अभिमान आहे. पण कर्जाचा अर्ज भरताना किंमत, विमा, हप्ता एवढंच मांडून भागणार नाही. आयएसआय खुणेची दोन हेल्मेट आणि नीट शिकण्याचा खर्चही त्यात धरा. मैदानात दोन चकरा मारल्या म्हणजे गाडी आली असं नाही. दोन्ही ब्रेक एकदम कसे दाबायचे, वळणाआधी वेग कधी कमी करायचा, ओझं असताना तोल कसा सांभाळायचा, हे जाणकाराकडून शिका आणि पक्कं लायसन्स हातात आल्यावरच कुणाला मागे बसवा.

पुढच्या बैठकीला गाडीवरून येणारीने हेल्मेट घालून यावं. मागे बसून येणारीनेसुद्धा.