खापर, चूल आणि कुंभारावरचा आळ

धारणीच्या आमच्या घरी पुरणाचे मांडे खापरावरच होत. खापर म्हणजे रुंद पोटाचे मातीचे भांडे. ते चुलीवर पालथे घालायचे, खालून जाळ लावायचा आणि हातांवर झेलत मोठा केलेला मांडा त्याच्या पाठीवर टाकायचा. घरात गॅस आला त्या वर्षी आईने तेच खापर शेगडीवर ठेवले आणि तिसऱ्याच मांड्याला ते तडकले. दुसरे आणले, तेही गेले. मी आठवडी बाजारात जाऊन कुंभाराला चारचौघांत बोललो, की तुम्ही माल कच्चा भाजता. त्याने एवढेच विचारले, "भाऊ, चूल कोन्ती हाय तुमची?" मला ती टाळाटाळ वाटली.

मातीची भांडी ॲल्युमिनियमने आणि स्टीलने घालवली, असे आपण सरसकट लिहितो. मीही एका लेखात तसे लिहिले आहे. ते अर्धेच खरे. पाणी भरण्याचे मडके टिकले. गेले ते जाळावरचे. म्हणजे पाहायला हवे ते चुलीकडे.

मांडे आणि खापर यांची जोडी जुनी. महिपतींच्या 'भक्तविजया'त (१७६२) मुक्ताबाईच्या मांड्यांची कथा आहे. विसोबा कुंभारांना ताकीद देतो, तिला खापर मिळत नाही, आणि अखेर ज्ञानेश्वरांच्या पाठीवर मांडे भाजले जातात. चमत्कार बाजूला ठेवला तरी एक गोष्ट उरते : पीठ-पुरणाची सोय आहे, अडते ते खापरावाचून. तव्यावर भागवू, असे कथेत कोणाला सुचत नाही. (आमच्या शेजारच्या बऱ्हाणपुरात आज मांडे पालथ्या लोखंडी कढईवर भाजतात. वळण तेच राहिले, माती गेली.)

लाकडाचा जाळ रुंद आणि हलता असतो. तो भांड्याचे सगळे पोट कवेत घेतो, आणि चूलही हळूहळू तापते. गॅसची ज्योत एका कड्यावर एकवटते. माती उष्णता सावकाश पसरवते. त्यामुळे कड्यावरचा भाग फुगतो, शेजारचा थंडच राहतो आणि त्या ताणाने तडा जातो. १८९२मध्ये स्वीडनमध्ये निघालेला प्रायमस, म्हणजे आपला पंपाचा स्टोव्ह, याच जातीचा. शिवाय गोल बुडाचे गाडगे तीन दगडांवर घट्ट बसते, शेगडीच्या सपाट जाळीवर डगमगते. इंडक्शनवर तर प्रश्नच मिटला : ती शेगडी धातूत वीज फिरवून तो तापवते, मातीला तिचा स्पर्शही होत नाही.

जपानात मात्र मातीचे 'दोनाबे' गॅसवर सर्रास चढते. इगा गावची माती प्राचीन सरोवराच्या तळाची. तिच्यातले वनस्पतींचे अवशेष भट्टीत जळून बारीक छिद्रे उरतात आणि ती ताण झेलतात. नव्या भांड्यात आधी भाताची पेज शिजवून ती छिद्रे बुजवतात. योक्काइचीच्या कारागिरांनी पुढची पायरी गाठली. तापल्यावर फारच थोडे फुगणारे पेटालाइट नावाचे खनिज ते मातीत मिसळू लागले. शेगडी बदलली तशी तिथे माती बदलली. आपला कुंभारही मातीत राख, लीद, भुसा घालतो; तत्त्व तेच, पण ते लाकडाच्या जाळाला बेतलेले. मेळघाटातल्या घराघरांत २०१६नंतर उज्ज्वला योजनेचे सिलिंडर पोचले. स्वयंपाकघरातला धूर कमी झाला, हे मी मोठेच मानतो. पण नव्या शेगडीला कोणती माती हवी, हा प्रश्न कुंभारापर्यंत कोणी नेला नाही.

बऱ्याच वर्षांनी मी एकाच भट्टीतली दोन खापरे घेतली. एक अंगणातल्या चुलीवर ठेवले, दुसरे गॅसवर. गॅसवरचे पहिल्याच दिवशी गेले. पुढे शेगडीवर जुना जाड तवा ठेवून त्यावर गाडगे चढवले. मंद आचेवर वरण शिजले, पण दुप्पट वेळ लागला. खापराला तो उपाय चालत नाही, कारण त्याला पोटात जाळ हवा.

ही खापरे मी त्या कुंभाराच्या मुलाकडून आणली होती. म्हातारा तोवर गेला होता. मुलगा आता बहुतेक कुंड्या करतो. बाजारातले माझे ते बोलणे मी त्याला सांगितले. त्याला ते ठाऊक होते. त्याने खापराचे पैसे घेतले आणि विचारले, "आता चूल मांडली काय?"